नामाशेठने चोरलेला तास

सन १९५४ मध्ये मी चोवीस वर्षांचा होतो आणि वैशाखऱ्याजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. शाळा म्हणजे एक खोली, पुढे शेणाने सारवलेली ओटी आणि भिंतीवर लंबकाचं घड्याळ. अकराला शाळा भरायची, एकला मधली सुट्टी, दोनला पुन्हा वर्ग, पाचला घर. चारही वेळा घंटा मीच द्यायचो. घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. त्याचा आवाज पार ओढ्यापलीकडच्या माळापर्यंत जायचा.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी मी शाळेला कुलूप लावत होतो, तेवढ्यात ओटीवर लाकडाचा भारा धप्पकन पडला. मागे एक कातकरीण उभी होती. वय पंचविशीच्या आसपास, अंगाने काटक, कमरेला विळा खोचलेला.

"गुरुजी, ही लाकडं तुमच्या चुलीला," ती म्हणाली. "मना घड्याळ वाचाया शिकवा."

मला हसू आलं. "तुला कशाला गं घड्याळ?"

"नामाशेटनं माजी येळ चोरली. किती चोरली ते ठाव नाय. ते मना काढायचं हाय."

ती हसली नव्हती. मीही हसू आवरलं. तिचं नाव ठमी. गावाबाहेरच्या कातकरवाडीत नवऱ्याबरोबर, पोश्याबरोबर, राहायची.

नामाशेठला मी चांगला ओळखत होतो, कारण त्याच्याच घरामागच्या खोलीत मी राहायचो. ओढ्यापलीकडचा सगळा माळ त्याचा. पावसाळ्यात तिथे पुरुषभर उंच गवत वाढायचं. दसऱ्यानंतर ते कापायचं, वाळवायचं, वखारीत दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि ट्रकने वाशिंद स्टेशनात पोचवायच्या. तिथून ते मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांत जायचं. गवत कापायला वाडीतल्या तीस-चाळीस बाया असत. नामाशेठ माळाच्या कडेला खाटेवर बसायचा. त्याच्या खिशात साखळीचं घड्याळ असायचं. काम कधी सुरू, सुट्टी कधी, घर कधी, सगळं ते घड्याळ ठरवायचं आणि ते फक्त त्यालाच वाचता यायचं.

त्या संध्याकाळी ओटीच्या कडेला बसून ठमीने मला जे सांगितलं ते एक वर्षापूर्वीचं होतं. सांगताना ती रडली नाही. एखादी वाट समजावून सांगावी तसं तिने सांगितलं.

तिला अडीच वर्षांची मुलगी होती, बाळी. दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, शुक्रवार होता. बाळीला दोन दिवस ताप होता. ठमीने तिला माळाच्या कडेला झाडाला बांधलेल्या झोळीत निजवलं आणि ती कापायला लागली. मधेच येऊन बघते तर पोरीचे डोळे फिरायला लागलेले. ठमी धावत नामाशेठकडे गेली. फाट्यावरून मुरबाडला जाणारी एस.टी. दुपारी एकला असते, एवढं तिला ठाऊक होतं. मुरबाडला सरकारी दवाखाना होता.

"शेट, मी जाते. पोरीला मुरबाडला न्यायाची हाय."

नामाशेठने घड्याळ काढलं, बघितलं आणि म्हणाला, "आत्ता कुठं साडेअकरा झालेत. पात पुरी कर आणि जा. गाडी मिळंल."

पात म्हणजे एका बाईच्या वाट्याला आलेला गवताचा पट्टा. ठमीने ती पात वाऱ्यासारखी कापली. पोरीला पाठीशी बांधलं आणि ती फाट्याकडे पळत सुटली. तिथल्या चहावाल्याने सांगितलं की गाडी येऊन गेली, अर्धा तास झाला. दुसरी गाडी उद्या. ती तशीच रस्त्याने मुरबाडकडे चालू लागली. टोकावडं गाव ओलांडलं आणि पाठीवरचं अंग हलायचं थांबलं.

"सूर्य मना दिसत होता, गुरुजी," ती म्हणाली. "सूर्य डोक्यावरनं कलला होता. पन शेटच्या हातात घड्याळ होतं. मी सूर्यावर भरवसा ठेवला नाय, घड्याळावर ठेवला."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला शिकवायला लागलो. तिला विसापर्यंतच मोजता यायचं. साठ मिनिटं तिच्या डोक्यात बसेनात. मग तिनेच युक्ती काढली. घड्याळाच्या एका आकड्यापासून दुसऱ्या आकड्यापर्यंत पाच मिनिटं, म्हणजे एका हाताची बोटं. त्याला ती 'एक हात' म्हणायला लागली. बारा हातांचा एक तास. पंधरा दिवसांत ती लंबकाचं घड्याळ माझ्याइतकं नीट वाचू लागली.

सोळाव्या दिवशी ती म्हणाली, "आता हिशोब करू." ती फाट्यावर पोचली तेव्हा गाडी जाऊन अर्धा तास झाला होता. म्हणजे दीड. माळापासून फाट्यापर्यंत पळत अर्धा तास. म्हणजे निघाली तेव्हा एक. पात कापायला अर्धा तास. ती बोटं मिटत मागे मागे गेली आणि साडेबारावर येऊन थांबली.

"साडेबारा वाजलं होतं," ती म्हणाली. "त्यानं साडेअकरा सांगितलं. बारा हात."

बराच वेळ ती लंबकाकडे बघत बसली. मग तिने आणखी एक विचारलं. "गुरुजी, तुमी दुपारची पयली घंटा देता ती कितीची?"

"एकची. दुसरी दोनची."

"शेट आमाला सांगतो, येक ते दोन जेवनाची सुट्टी. तुमची पयली घंटा झाल्यावर आमी आजून एक पात कापतो, तवा सुट्टी व्हते. दोन घास खाल्लं की शेट उठवतो. मंग तुमची दुसरी घंटा व्हते. इतकी वर्सं आमी त्या घंटा ऐकतो. कितीच्या ते ठाव नव्हतं."

मला स्वतःचीच लाज वाटली. मी त्या माणसाच्या ओसरीवर रोज चहा प्यायचो.

"आता काय करशील?" मी विचारलं.

"आता मी त्याची येळ घेनार. एक तास नाय. लई घेनार."

ती पुढच्या हंगामापर्यंत गप्प राहिली. १९५५ चा दसरा झाला, कापणी लागली. एके दुपारी माझी एकची घंटा झाली तशी ठमीने विळा खाली ठेवला आणि ती गवतातून बाहेर येऊन उभी राहिली. हे मला तिच्या बरोबर कापणाऱ्या लहानी नावाच्या बाईने सांगितलं.

"काय गो, काय झालं?" नामाशेठ म्हणाला.

"सुट्टी झाली, शेट. येक वाजला."

"तुला कुनी सांगितलं?"

"घड्याळ बघा."

बाया कापायच्या थांबल्या. नामाशेठला गंमत वाटली. त्याने घड्याळ साखळीसकट काढून तिच्यापुढे धरलं. "घे. तूच वाच. नाय वाचलंस तर उद्यापासून माळावर पाय ठेवायचा नाय."

ठमीने घड्याळ हातात घेतलं, सरळ केलं आणि मोठ्याने वाचलं, "येक वाजून चार मिन्टं. आता आमी दोनच्या घंटेला उठनार." एवढं बोलून तिने घड्याळ त्याच्या खाटेवर ठेवलं आणि भाकरी सोडली. एकेक करून साऱ्या बाया येऊन बसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी सबंध तासभर बसून जेवण केलं. जेवून झाल्यावर काय करायचं ते त्यांना कळेना, असं लहानी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नामाशेठने ठमीला आणि वखारीत गाठी बांधणाऱ्या पोश्याला कामावरून काढलं. घड्याळ कोणी शिकवलं हेही त्याला कळलं. मला तीन दिवसांत खोली सोडावी लागली. मी बिऱ्हाड शाळेतच हलवलं, आणि खरं सांगायचं तर माझी झोप तिथे जास्त चांगली लागली.

मी ठमीला विचारलं होतं, "बाळीचं का नाही काढलंस त्याच्यापुढे? सगळ्यांसमोर सांगायचं होतंस."

"आता नाय. आता त्याच्याजवळ टायम हाय. त्याच्याजवळ टायम नसंल तवा सांगन."

पोश्या घाबरला होता. तो मवाळ माणूस. रानातून काय मिळेल ते आणावं, कोणाच्या अध्यात नसावं. तो म्हणाला, "शेटाशी वैर करून आपुन खानार काय?"  ठमीने वाडीतल्या अकरा बाया तयार केल्या आणि ती त्यांना घेऊन शहापूरच्या बाजूला गेली. वाशिंदला गवताचा एक व्यापारी होता, त्याचे माळ तिकडे पसरलेले. ती त्याला म्हणाली, "आमी बारा बाया. सातला विळा धरू, पाचला ठेवू. मधी दीड तास जेवन आन इसावा. तुमी काम बघा, आमी घड्याळ बघतो."

व्यापाऱ्याला ते आगाऊ वाटलं, पण हंगाम भरात होता. त्याने हो म्हटलं.

ठमीने त्या दिवसाची अशी काही मांडणी केली की तो माणूस चकित झाला. दव असतं तोवर गवत मऊ असतं आणि विळा सरसर चालतो. म्हणून सकाळी फक्त कापायचं. बांधायचं नाही, वेचायचं नाही, बोलायचंसुद्धा नाही. नऊनंतर ऊन लागलं की गवत राठ होतं. तेव्हा लेकुरवाळ्यांनी पोरांना पाजायला जायचं. पोरांना सावलीत सांभाळायला म्हातारी चिमा असायची, तिला इतर बायांइतकीच मजुरी. दुपारनंतर वाळलेलं बांधायचं. पोश्याला तिने विळ्यांना धार लावायचं काम दिलं. दर बाईमागे दोन विळे, एक हातात, एक पोश्याकडे. धार गेली म्हणून कोणी थांबायचं नाही. दुसऱ्या टोळ्या अंधार पडेपर्यंत जे काम करत ते ह्या बारा जणी पाचच्या आत संपवत. आणि पाचनंतरचा सगळा वेळ त्यांचा. कोणी डोकं विंचरायची, कोणी नाचायची, कोणी नुसती पोराला मांडीवर घेऊन बसायची.

पौषात म्हसा गावच्या जत्रेत तिने एक घड्याळ विकत घेतलं, पत्र्याचं, हिरवं, वर गजराच्या दोन वाट्या असलेलं. ते ती टोपलीत भाकरीच्या फडक्यात गुंडाळून माळावर न्यायची. दर रविवारी माझ्या शाळेतल्या घड्याळाशी जुळवून घ्यायची. एकदा मी घंटा उशिरा दिली तर दुसऱ्या दिवशी ओटीवर हजर. "गुरुजी, काल पाच मिन्टं चुकलात. पोरांची गेली ना ती?"

लोक म्हणायला लागले की ठमीने बायांचं भलं केलं. ते खरंच होतं. पण मला तिने एकदा स्पष्ट सांगितलं, "मी भलं कराया निगाले नाय. मना अशी टोळी कराची हाय का तिच्याबिगर नामाशेटचं गवत कापलं जानार नाय." माळावर घाम गाळताना, विळे मोजताना, पोरांना पाजायच्या वेळा ठरवताना तिच्या डोळ्यांपुढे तोच माणूस असायचा. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायाही तिच्याकडे यायला लागल्या. चार वर्षांत एकीच्या चार टोळ्या झाल्या. नामाशेठला आता लांबून, महागाने माणसं आणावी लागत.

मात्र ह्या सगळ्यात एक दिवस असा आला की ठमी स्वतःच हादरली. १९५८ ची गोष्ट. तिचा नियम होता की सातनंतर येईल तिला त्या दिवशी काम नाही. त्या सकाळी लहानी अर्धा तास उशिरा आली. धापा टाकत म्हणाली, "पोराला ताप हाय गो ठमे. आज कापून देते, दुपारी मना जाऊ दे."

ठमी घड्याळाकडे बघत म्हणाली, "सहा हात उशीर झाला, तरी तुला घेते. आन वर दुपारी जाया पायजे? आज संध्याकाळपरत हा तुकडा साफ करून द्यायचाय. पात पुरी कर, मंग बघू."

 लहानीने विळा उचलला आणि ती गवतात शिरली. ठमी तिथेच उभी राहिली. स्वतःच्या तोंडून काय बाहेर पडलं ते तिला हळूहळू कळत गेलं असावं. पोश्या म्हणाला, तिचा चेहरा राखेसारखा झाला. ती धावत गवतात गेली, लहानीच्या हातातला विळा तिने ओढून घेतला आणि तिला दंडाला धरून बाहेर आणलं. "चल. पोर कुठं हाय?" दोघी मिळून पोराला दवाखान्यात घेऊन गेल्या. ते पोर वाचलं. त्या दिवशी टोळीचं काम अर्धं राहिलं आणि व्यापाऱ्याची बोलणी ठमीने खाली मान घालून ऐकली.

त्यानंतर तिने नियम बदलला. दहा बायांच्या कामाला अकरा जणी न्यायच्या. अकरावीची मजुरी सगळ्यांच्या वाट्यातून. जिला घरी गरज असेल तिने कोणाला न विचारता विळा त्या अकरावीच्या हाती द्यायचा आणि निघायचं. काही बाया कुरकुरल्या, गुणा नावाची बाई तर भांडलीच. "बशीव बाईला पैसं कशाला?" ठमी तिला म्हणाली, "ती बशीव नाय. ती तुज्या पोराची येळ हाय." गुणा पुढे दोनदा त्या नियमाने घरी गेली.

मला वाटलं, एवढं झाल्यावर तिच्या मनातला राग निवळेल. तो निवळला नाही. उलट तिला आता आपलं काय गेलं ते अधिकच नेमकं कळलं होतं.

१९६१ साली नामाशेठने मोठी उडी घेतली. मुंबईच्या काही तबेल्यांना वर्षभर गवत पुरवायचं काम त्याने पत्करलं. दसऱ्यानंतर वीस दिवसांत सगळा माळ कापून व्हायला हवा होता. गवत फुलोऱ्यावर असताना कापलं तर ते हिरवट, गोड राहतं. वेळ टळली की दांडे होतात आणि म्हैस तोंड लावत नाही. ठमीला ही बातमी ज्येष्ठातच लागली. तिने झोपडीच्या जमिनीवर खडे मांडले, एका दिवसाला एक खडा, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. मग ती चार महिने फिरली. वाशिंदच्या व्यापाऱ्याकडे, किन्हवलीच्या बाजूच्या शेतकऱ्यांकडे, सिद्धगडाखालच्या वाड्यांत. प्रत्येक टोळीसाठी त्या वीसही दिवसांचं काम बोलून ठेवलं. कुठे गवत, कुठे भात. एकही बाई एकही दिवस रिकामी राहणार नाही, म्हणजे कोणाला नामाशेठकडे जायची गरज पडणार नाही. शेवटी शेवटी तर चारपाच खड्यांसाठी ती तीन तीन दिवस चालत होती.

"इतका वेळ तू दुसऱ्या कशाला दिला असतास तर," मी एकदा म्हणालो.

"दुसरं काय हाय, गुरुजी?"

दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी नामाशेठ स्वतः तिला शोधत आला. ती तेव्हा गावाजवळच एका शेतावर भात कापत होती. दुपारचा सव्वा वाजला होता, बाया जेवायला बसल्या होत्या. पोरांना अभ्यास देऊन मी तिच्याकडे शाळेचं काही काम घेऊन गेलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. नामाशेठ थकला होता. खिशातल्या घड्याळाच्या जागी आता मनगटावर घड्याळ होतं.

"ठमाबाई, थोडं बोलायचं होतं," तो म्हणाला.

ठमाबाई! बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. ठमी भाकरी मोडत म्हणाली, "आमची सुट्टी हाय. अडीचला संपंल. बसा."

बसायला सावली नव्हती. सावलीत बाया होत्या. तो बांधावर उन्हात बसला. दर थोड्या वेळाने मनगट बघायचा. ठमीने शांतपणे जेवण केलं, पाणी प्यायली, पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली. तिचे डोळे उघडे होते. अडीच झाले तशी ती उठली आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बोल," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती त्याला एकेरीत बोलली.

त्याने ते गिळलं. "माळ उभा आहे. बाहेरून माणसं आणली, त्यांना विळा धरता येत नाही. तुझ्या बाया दे. दुप्पट मजुरी देतो. सातला या, पाचला जा, दुपारी दोन तास बसा. तुझी सगळी वेळ मंजूर."

"माजी येळ मंजूर कराया तू कोन?"

 मग ठमीने त्याला सांगितलं. दसरा, शुक्रवार, झोळी, साडेअकरा, साडेबारा, फाटा, टोकावडं. आठ वर्षं जपून ठेवलेलं सगळं तिने एका दमात त्याच्यापुढे टाकलं. "बाळी नाव होतं तिचं," ती म्हणाली.

नामाशेठ गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. "कोण बाळी?" त्याने कपाळावर हात फिरवला. "मला आठवत नाही गं. तेव्हा तीस-चाळीस बाया असायच्या. रोज कोणी ना कोणी सुट्टी मागायचं. मी काय सांगितलं असेल... मुद्दाम नसेल सांगितलं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. मी ठमीकडे बघितलं.  तो नाकारेल, चिडेल, पाया पडेल, ह्या सगळ्याची तिने तयारी केली असेल. त्याला काहीच ठाऊक नसेल ह्याची तिने तयारी केली नव्हती.

"मुद्दाम सांगितलंस," ती शेवटी म्हणाली. "तुजी एक पात राहिली होती. जा आता. माज्याकडं तुज्यासाठी दिवस नाय. एक बी नाय."

तो गेला. बायांनी पुन्हा विळे उचलले.

माळ उभाच राहिला. बाहेरच्या माणसांनी चौथाई कापला असेल. कार्तिकात तबेल्यांचा माणूस आला, त्याने मूठभर गवत तोडलं, दांडा दोन बोटांत मोडला आणि मान हलवली. ट्रक रिकामे परत गेले. नामाशेठचं ते काम सुटलं. एक हंगाम त्याने कसाबसा काढला आणि मग वखारीला कुलूप लागलं. ज्या दिवसांत माळ वाळत होता त्या दिवसांत ठमी रोज दुपारची सुट्टी झाली की एकटीच ओढ्यापर्यंत चालत यायची आणि पलीकडे बघत उभी राहायची. सगळ्या बायांना विसावा देणारी ही बाई स्वतःचा विसावा असा खर्च करत होती. पोश्या चिडून म्हणाला, "तुजा तरी नियम पाळ." ती म्हणाली, "हा बी माजाच टायम हाय."

मी तिला विचारलं, "बरं वाटलं का?"

"वाटलं. खोटं कशाला बोलू? लई बरं वाटलं." मग म्हणाली, "पन त्याला ठाव असतं तर आजून बरं वाटलं असतं."

१९६२ साली माझी शहापूरला बदली झाली. मध्ये तीन वर्षं गेली. १९६५ च्या दसऱ्यानंतर नोकरीच्या एका दाखल्यासाठी मी त्या गावी गेलो, तर त्याच सकाळी नामाशेठ वारला होता. सगळं गाव त्याच्या दारात जमलेलं. वाडीतले पुरुष चितेच्या लाकडांसाठी रानात गेले होते. नामाशेठचा माळ तेव्हा वाशिंदच्या व्यापाऱ्याने खंडाने घेतला होता आणि ठमीच्या बाया तिथेच कापत होत्या. सरपंचाने निरोप पाठवला होता की आजचा दिवस काम बंद ठेवा.

मी ओढा ओलांडून माळावर गेलो. विळे चालू होते. ठमीचे केस पांढरे व्हायला लागले होते, पण पाठ तशीच ताठ होती.

"कळलं ना?" मी म्हणालो.

"कळलं."

"एक दिवस थांबवायचं होतंस काम."

"त्याच्यासाठी?" तिने मान वर न करता विचारलं. "बायांना मी सांगितलंय, जिला जायाचं ती जाऊ दे. अकरावी हाय. चौघी गेल्या बी. मी नाय जानार. त्याला मेल्यावर बी माजा दिवस देनार नाय."

मग माझ्याकडे बघून तिने खुणेने बसायला सांगितलं. मी तिथेच बसून राहिलो. पाच वाजता बायांनी विळे पुसले, भारे रचले, पोरांना कडेवर घेतलं. गावाकडून चितेचा धूर वर चढताना दिसत होता. ठमीने त्याच्याकडे एकदा बघितलं, नंतर नाही. पोश्या ओढ्याच्या काठावर टोपली घेऊन तिची वाट बघत होता. ती लुगडं वर खोचून पाण्यात उतरली आणि दोघंही दगड उलटे करून खेकडे शोधायला लागली. एक मोठा नर खेकडा पोश्याच्या अंगठ्याला चावला तशी ती मोठमोठ्याने हसली. तिला असं हसताना मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मला परतीची गाडी गाठायची होती, म्हणून मी निघालो. टोपली तोवर अर्धी भरली होती.